टेक्सास हिल कंट्री: आधी पाणी ठरवा, मग पार्क

आई-बाबा भारतातून ऑस्टिनला आले की तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घराघरांत एकच बोलणं सुरू होतं. मंदिर झालं, मॉल झाले, डाउनटाउन झालं. आता एक दिवस डोंगरात, म्हणजे ऑस्टिनच्या पश्चिमेकडच्या हिल कंट्रीत जाऊ, थोडं चालू आणि मुलांना पाण्यात डुंबू देऊ. कुणीतरी ग्रुपवर विचारतं आणि दहा जणांकडून दहा नावं येतात: एंचांटेड रॉक, पर्डनॅलिस फॉल्स, इंक्स लेक, गार्नर, हॅमिल्टन पूल. फोटोंत सगळीच छान दिसतात. पण ज्याच्या हाताशी एकच शनिवार आहे त्याला यातलं एक निवडायचं असतं. निवड चुकली तर दीड-दोन तास गाडी चालवून कोरड्या दगडांत डबा खायचा आणि परत यायचं.

आमच्यावर ती वेळ आली होती. ऑगस्ट महिना, आई साताऱ्याहून आलेली, मुलांनी घरूनच पोहण्याचे कपडे घातलेले. नदीवर पोचलो तर पात्रात नुसते दगड आणि मधे कुठेकुठे घोटाभर पाणी. आईने मुलांना त्या पाण्यात पाय सोडून बसवलं आणि कृष्णेच्या घाटावरच्या गोष्टी सांगितल्या, म्हणून तो दिवस निभावला. तेव्हापासून मी आधी पाण्याची चौकशी करते. पार्कचं नाव त्यानंतर.

इथलं पाणी सह्याद्रीसारखं वागत नाही

आपल्याकडे जुलैत ओढा भरतो आणि मार्चमध्ये आटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. हिल कंट्रीत असा ठरलेला पावसाळा नाही. पाऊस वर्षात कधीही येतो, कधी काही तासांत धो धो कोसळतो, आणि मग महिनोन्महिने आभाळ कोरडं. जमिनीखाली चुनखडक आहे. त्याच्या भेगांत आणि पोकळ्यांत पाणी मुरतं आणि दूर कुठेतरी झरा होऊन वर येतं. भूजल खाली गेलं की झराही थांबतो.

विम्बर्लीजवळची जेकब्ज वेल ही विहिरीसारखी गोल, सुमारे 140 फूट खोल झऱ्याची जागा हे याचं सगळ्यात दुःखद उदाहरण. एके काळी तिच्या तोंडातून पाणी उसळून वर यायचं. 2000 साली तिचा प्रवाह पहिल्यांदा थांबला आणि 2022 पासून पाणी कमी झाल्यामुळे तिथे पोहणं बंद आहे. अजूनही जुने फोटो बघून लोक मुलांना घेऊन तिथे जाण्याचे बेत करतात, म्हणून हे आधीच सांगते.

हॅमिल्टन पूलचंही तसंच. छत कोसळलेली गुहा, तिच्या कडेवरून 50 फूट खाली पडणारं पाणी आणि खाली हिरवा डोह. जागा अप्रतिम आहे आणि एकदा तरी बघावीच. पण पाण्यातले जिवाणू वाढले किंवा वरचे दगड सुटू लागले की पोहणं बंद होतं, आणि हे वारंवार होतं. आधी आरक्षण करावं लागतं, पण आरक्षण मिळालं म्हणजे पाण्यात उतरायला मिळेलच असं नाही. बघायला जायचं असेल तर जा. पोहण्यासाठी म्हणून तिथे जाऊ नका.

आता उरतात तीन प्रकारची पाणी: नदीचं, धरणाचं आणि मोठ्या झऱ्याचं. माझ्या मते ठिकाण निवडताना यातलं आपल्याला कोणतं हवं ते आधी ठरवावं.

पर्डनॅलिस की इंक्स?

ऑस्टिनच्या माणसाची खरी अडचण बहुतेक वेळा या दोघांतच असते. दोन्ही साधारण तास-सव्वा तासावर, दोन्हीकडे छोट्या पायवाटा, दोन्हीकडे पोहायला जागा.

पर्डनॅलिस फॉल्स (नकाशावर तुम्ही पेडरनालेस वाचाल, इथली माणसं पर्डनॅलिसच म्हणतात) जॉन्सन सिटीजवळ आहे. धबधबा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतो तसा उंच कडा इथे नाही. सुमारे 30 कोटी वर्षं जुन्या चुनखडकाच्या तिरक्या पायऱ्यांवरून नदी टप्प्याटप्प्याने उतरत जाते. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्या माणसाला इथला कातळ बघून ओळखीचं वाटेल. खडक वेगळा, पण पाण्याचं कोरीवकाम त्याच जातीचं. वाहनतळापासून थोडं चाललं की वरून सगळा देखावा दिसतो, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही तो चुकत नाही.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा: धबधब्याच्या भागात पाण्यात उतरायला बंदी आहे. पोहण्याची जागा बरीच खाली, नदीच्या वेगळ्या वळणावर आहे आणि तिथे जायला दगडी पायऱ्यांची खडी उतरण आहे. उतरताना काही वाटत नाही. भर दुपारी, ओल्या कपड्यांत, झोपेला आलेलं मूल कडेवर घेऊन त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. खाली पोचल्यावर मात्र वाळू, बाल्ड सायप्रसची सावली आणि पाणी असलं तर उथळ, थंड, वाहती नदी. लहान मुलांसाठी मला यापेक्षा सुंदर जागा माहीत नाही.

पण ते ‘पाणी असलं तर’ फार महत्त्वाचं आहे. दुष्काळी उन्हाळ्यात नदी बारीक होते. आणि याच्या उलटही होतं: वरच्या बाजूला फ्रेडरिक्सबर्गकडे पाऊस पडला की आपल्या डोक्यावर निळं आभाळ असतानाही काही मिनिटांत पूर येऊ शकतो. त्यासाठी पार्कात भोंगा बसवला आहे. तो वाजला की सामान तिथेच टाकून वर चढायचं. 4 जुलै 2025 च्या पहाटे कर काउंटीत ग्वाडलूप नदी सुमारे पाऊण तासात 26 फूट चढली आणि शंभराहून जास्त माणसं गेली, त्यांत उन्हाळी शिबिराला आलेल्या लहान मुली होत्या. त्यानंतर मी नदीकाठच्या कुठल्याही बेतात आदल्या रात्रीचा आणि नदीच्या वरच्या भागातला पावसाचा अंदाज बघितल्याशिवाय निघत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं प्रवाहमापक केंद्र जॉन्सन सिटीजवळच आहे आणि त्याचे आकडे फोनवर कुणालाही बघता येतात. दोन-तीनदा बघितले की किती आकड्याला नदी कशी दिसते याचा अंदाज येऊ लागतो.

इंक्स लेक बर्नेटजवळ आहे. टेक्सासच्या कोलोरॅडो नदीवर 1938 साली बांधून झालेल्या धरणाचा हा तलाव. वर बुखॅनन तलाव, खाली एलबीजे तलाव आणि मधे हा. वरून आलेलं पाणी पुढे सोडत राहायचं असल्यामुळे याची पातळी सहसा स्थिर असते. आजूबाजूच्या नद्या आटल्या तरी इथे पाणी सापडतं. दूरवरून येणाऱ्याला आणखी काय हवं? ऑगस्टमध्ये कुणी विचारलं तर मी डोळे मिटून इंक्सचं नाव सांगते.

देखाव्यात इंक्स पर्डनॅलिसपेक्षा थोडा कमी आहे, हे मान्य करते. पण इथला गुलाबी नाइस (gneiss) जातीचा खडक थेट पाण्यात उतरतो आणि संध्याकाळच्या उन्हात त्याला जो रंग येतो, तो बघण्यासारखा असतो. डेव्हिल्स वॉटरहोल नावाची खडकांनी वेढलेली खाडी आहे. तिथे तरुण मुलं कड्यावरून पाण्यात उड्या मारतात. उडी मारण्याआधी पाण्यात उतरून ठाव घ्या. जीवरक्षक इथे नसतो, पर्डनॅलिसलाही नसतो, म्हणून दोन्हीकडे मुलांना लाइफ जॅकेट घालाच. कयाक भाड्याने मिळते. ज्यांना पोहायचंच नाही अशा आजी-आजोबांसाठी पाण्याच्या अगदी जवळ बसायला टेबलं आहेत, आणि आमच्या घरात ही बाब बाकी सगळ्यांपेक्षा जास्त मोलाची ठरली. नातवंडं डोळ्यांसमोर, पायऱ्यांची चढउतार नाही, डबा हाताशी.

एप्रिल-मेमध्ये, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, पर्डनॅलिस. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत किंवा सोबत वयस्कर माणसं असतील तर इंक्स. मार्च ते मे पर्डनॅलिसला जाण्याचं आणखी एक कारण म्हणजे सोनेरी गालांचा वॉर्बलर. हा चिमुकला पक्षी फक्त मध्य टेक्सासमध्ये घरटी करतो आणि घरट्यासाठी इथल्या जुन्या जुनिपरच्या सालीचे धागे वापरतो. आजोबांना पक्ष्यांची आवड असेल तर दुर्बीण विसरू नका.

पाणी नको, डोंगर हवा

मग एंचांटेड रॉक. फ्रेडरिक्सबर्ग आणि लॅनोच्या मधे गुलाबी ग्रॅनाइटचा हा प्रचंड घुमट, सुमारे 100 कोटी वर्षं जुना, पायथ्यापासून 425 फूट वर. माथ्यापर्यंतची वाट एका बाजूने पाऊण मैलाहून थोडी जास्त. पर्वती सहज चढणारी व्यक्ती हाही चढेल, फक्त पायऱ्या नाहीत. उघड्या तिरक्या खडकावरून जायचं असतं. चपला चालणार नाहीत, चांगली पकड असलेले बूट हवेत. पोहण्याची सोय अजिबात नाही. सावलीही जवळजवळ नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर दुपारी नेऊ नका. तेव्हा पारा 100 फॅरनहाइटच्या आसपास असतो आणि खडक खालूनही भाजतो.

माथ्यावर खडकातल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं. त्यात फेअरी श्रिंप नावाचे इवलेसे जीव जन्मतात आणि खळगा वाळला तरी त्यांची अंडी पुढच्या पावसाची वाट बघत टिकून राहतात. काही खळग्यांत माती साठून गवताफुलांची छोटी बेटं झाली आहेत. आईला तिथे कासचं पठार आठवलं आणि तिनेच मुलांना बजावलं, त्या खळग्यांत पाय टाकायचा नाही. रात्री खडक थंड होताना कुरकुरल्यासारखा आवाज येतो. टोंकावा या इथल्या मूळ लोकांच्या कथांत हा डोंगर भुताटकीचा आहे तो उगीच नाही. नोव्हेंबर ते मार्च, सकाळी लवकर. चढायची हौस असेल तर पाण्यासाठी हा बेत सोडू नका, आणि पोहण्याची हौस असेल तर इथे येऊ नका.

गार्नर: एका दिवसात नको

कॉनकनजवळचं गार्नर हे सगळ्यांत परिपूर्ण. फ्रिओ नदीचा जवळपास तीन मैलांचा काठ, उंच सायप्रस, ट्यूबमध्ये बसून वाहत जाण्याची मजा, ओल्ड बाल्डीची छोटी पण दमवणारी चढण. 1941 पासून हे पार्क सुरू आहे आणि उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तिथल्या मंडपात ज्यूकबॉक्सवर नाच चालतो, त्यात तीन पिढ्या एकत्र नाचताना दिसतात. पण ऑस्टिनहून तीन तास लागतात. सॅन अँटोनियोच्या माणसाला दीड-पावणेदोन तासांत जाता येतं. ऑस्टिनकरांनी मुक्काम करता येत असेल तरच जावं. इथलं पाणीही नदीचंच असल्यामुळे दुष्काळ आणि पूर यांचा हिशेब इथेही करावा लागतो.

काहीच जमलं नाही तर

शहरातच बार्टन स्प्रिंग्ज आहे. झऱ्याचं पाणी, वर्षभर 68 ते 70 अंश फॅरनहाइट, तीन एकरांचा तलाव आणि जीवरक्षक हजर. दुष्काळातही इथे पोहता येतं. गुरुवारी सफाईसाठी बंद असतो, एवढं लक्षात ठेवा. याच झऱ्यांत बार्टन स्प्रिंग्ज सॅलमँडर नावाचा छोटा उभयचर प्राणी राहतो. जगात दुसरीकडे फारसा कुठेच न सापडणारा हा जीव 1997 पासून संकटग्रस्त यादीत आहे. पाणी थंड आहे, साठीच्या पुढच्यांनी एकदम उडी मारू नये, पायऱ्यांवरून हळूहळू उतरावं. डोंगर बघितल्याचं समाधान इथे मिळणार नाही, पण मुलं रडत घरी येणार नाहीत.

आरक्षण आणि डबा

राज्याच्या पार्कांचे दिवसाचे पास महिनाभर आधी ऑनलाइन काढता येतात, मुक्कामाची जागा पाच महिने आधी. वसंतातल्या आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी न काढता गेलात तर फाटकावरून परतावं लागेल. मोठ्यांना माणशी 6 ते 8 डॉलर, 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. वार्षिक पास 70 डॉलरचा आणि त्यावर गाडीतली सगळी माणसं आत जातात. आई-बाबा सहा महिने राहणार असतील तर तीन खेपांत तो वसूल होतो. पास असला तरी त्या दिवसाचं आरक्षण वेगळं करावं लागतं, आणि नेमकं इथेच लोक फसतात.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लोणचं. दही-भात न्यायचा तर बर्फाच्या पेटीतूनच. माणशी तीन लिटर पाणी. एंचांटेड रॉकला मे ते ऑगस्टमध्ये जात असाल तर 290 महामार्गावर स्टोनवॉल गावाच्या आसपास रस्त्याकडेला पीच विकायला असतात. येताना थांबा, आई तर दर वेळी दोन पेट्या घ्यायला लावते, एक घरी खायला आणि एक शेजारी वाटायला.