मारवाडी घोडीसाठी घेतलेला फ्लाय मास्क: अख्खा उन्हाळा वापरून लिहिलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं सविस्तर. जाळीचा फ्लाय मास्क, म्हंजे डोळ्यावर माशा बसू नयेत म्हणून घोड्याच्या तोंडावर चढवायची जाळी, ती घ्या, पैसे वसूल आहेत, माशांसाठी म्हणून जे जे सामान आणलं त्यात सगळ्यात कामाला आलेली वस्तू हीच. पण तुमचं घोडं मारवाडी किंवा काठेवाडी असेल तर कानवाला मास्क डोळे झाकून ऑर्डर करू नका, त्याचं कारण खाली लिहिलंय. आणि मास्क घातला म्हंजे माशांचा प्रश्न मिटला असंही नाही, पायाला चावणारी माशी वेगळी आणि तिचा बंदोबस्तही वेगळा.

आमचं गाव फलटण तालुक्यात, चारी बाजूला ऊस, जवळून कालवा, आणि तबेल्याला लागूनच भावकीतल्या म्हशींचा गोठा. माशांना जे जे लागतं ते सगळं हाताशी. शिमगा झाला की माशा वाढायला लागतात, आंब्याच्या दिवसात तर विचारूच नका, आणि वळवाचा पाऊस पडून शेण-लीद ओली झाली की पुढच्या आठ-दहा दिवसांत कहर. कारण एवढ्या गरमीत घरमाशीचं अंड्यापासून उडणाऱ्या माशीपर्यंतचं चक्र साधारण तेवढ्यातच पूर्ण होतं, एक पिढी संपेपर्यंत दुसरी तयार. घोडी कुमैत रंगाची, स्वभावाने गरीब, पण एप्रिल लागला की दिवसभर मान हलवून बेजार. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात माशांचा झुबका, तिथून पाण्याचा काळा ओघळ गालापर्यंत, मग ती खांबाला डोकं घासणार, मोहरकीच्या कडीने गाल सोलून निघणार आणि त्या सोललेल्या जागेवर पुन्हा माशाच.

बरेच जण म्हणतात डोळ्यावरची माशी चावत नाही, बसते नि उडते, कशाला एवढं. चावत नाही हे खरं, घरमाशीला चावायचं तोंडच नसतं, ती डोळ्याचं पाणी चाटायला येते. पण येताना ती लीदेवरून येते ना. हॅब्रोनेमा नावाचा जंत असतो, घोड्याच्या पोटात राहतो, त्याच्या अळ्या लीदेतून बाहेर पडतात, तिथे माशीच्या अळीच्या पोटात जातात आणि माशी मोठी होऊन घोड्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यावर, ओठावर किंवा उघड्या जखमेवर बसली की तिथे उतरतात. मग ती जखम लालभडक, दाणेदार होते, आत पिवळे खडे दिसतात, खाज सुटते आणि उन्हाळाभर काही केल्या भरत नाही. आमच्या डॉक्टरांनी हे नीट समजावून सांगितलं तेव्हा मास्कचा विषय पक्का झाला.

आपल्याकडे कपाळपट्टीला गोंड्यांची किंवा दोऱ्यांची झालर लावायची पद्धत जुनी आहे, मिरवणुकीत घोडं चालताना ती हलत राहते आणि माशा उडतात, चांगलीच वस्तू आहे. पण घोडं दुपारी झाडाखाली एका जागी उभं असेल तेव्हा झालरही उभीच, माशी तिच्याखालून आत शिरते. म्हणून जाळी.

तर मास्क. ऑनलाइन मागवला, माल कानपूरचा, घोड्याचं सामान म्हटलं की कानपूर आलंच, तिथलं खोगीर-लगाम परदेशातसुद्धा जातं. साडेआठशेच्या आसपास पडला. जाळी प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या धाग्याची, जरा कडक, आणि हाच तिचा गुण. डोळ्याच्या जागी चिमटे (चुणीसारख्या दुमडलेल्या शिवणी) घालून शिवलंय त्यामुळे जाळी डोळ्यासमोर घुमटासारखी फुगून उभी राहते, पापणीला टेकत नाही. घ्यायच्या आधी सगळ्यात पहिलं हेच बघा. स्वस्तातले जे मऊ जाळीचे, चिमटे नसलेले मास्क मिळतात ते चेहऱ्याला चिकटून बसतात, घामाने ओले झाले की डोळ्यालाच टेकतात, पापणीचे केस जाळीत अडकतात आणि माशांपेक्षा त्यानेच डोळा लाल होतो. मी दुकानात हात घालून बघायचो, आत मूठ धरली की डोळ्याच्या जागी जाळी मुठीपासून सुटी राहिली पाहिजे, नाही राहिली तर तो मास्क नको.

कडेला आतून लोकरीसारखं मऊ अस्तर आहे, नाकाजवळ आणि गालाच्या कडेला. ते मऊ असल्यामुळे कड घासत नाही आणि खालून माशी शिरत नाही. गळ्याखाली दोन वेल्क्रो. घट्टपणाचं माप म्हंजे कडेतून एक बोट आरामात फिरलं पाहिजे, त्याहून सैल ठेवलं तर माशी आत जाऊन अडकते आणि मग घोडं पिसाळल्यासारखं करतं. वेल्क्रो चांगला आहे हे अजून एका कारणासाठी, मास्क कुठे फांदीत किंवा तारेत अडकला तर ओढ बसल्यावर वेल्क्रो सुटतो, घोडं अडकून पडत नाही. बक्कलवाला घेऊ नका.

आता कानाचं. मी कानवाला मागवला होता, कारण कानात बारीक चिलटं शिरतात आणि आतून रक्त काढतात. पण हे मास्क ज्या मापावर शिवले जातात त्या विलायती जातींचे कान सरळ आणि एकमेकांपासून लांब असतात. मारवाडी-काठेवाडीचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी, त्यातच त्यांची शान. मास्कचे कान-खिसे बाहेरच्या बाजूला तिरके शिवलेले, त्यात आमच्या घोडीचे कान घातले की टोकं बाहेर ओढली जायची, मुळाशी शिवण काचायची, आणि ती कान मागे पाडून उभी राहायची. जे घोडं कधी कान पाडत नाही त्याने दिवसभर कान पाडले म्हंजे दुखतंय हे उघड आहे. विकणाऱ्याला फोटो पाठवून विचारलं तर उत्तर आलं की साइज बदलून घ्या. साइजचा काही संबंधच नव्हता, आकाराचा होता. कान म्हंजे कापडाची टोपी नव्हे कुठेही वळवायला.

शेवटी गावातल्या टेलरकडे घेऊन गेलो, ताडपत्री आणि सीट कव्हर शिवणारा माणूस, हात बसलेला. त्याने कान-खिशांची आतल्या बाजूची शिवण उसवली, तिथे जुन्या मच्छरदाणीच्या मऊ जाळीचा एक रुंद तुकडा लावला, त्यामुळे दोन खिसे वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकले आणि आत कान हलायला जागा झाली. मुळाशी मऊ पट्टी शिवून दिली. तेव्हापासून घोडी कान हलवते, वळवते, टोकं भिडवते, सगळं मास्कच्या आत. एवढी खटपट करायची नसेल तर सरळ बिनकानी घ्या, कानाच्या आतल्या केसांना हात लावू नका, लग्नाच्या सीझनला लोक ते केस साफ काढून टाकतात, दिसायला छान दिसतं पण ते केस म्हंजे चिलटांना अडवणारी देवाने दिलेली जाळीच आहे.

घोड्याला दिसतं का, हा सगळ्यांचा प्रश्न. दिसतं, दिवसा व्यवस्थित दिसतं, बाहेरून काळी जाळी बघून आपल्याला वाटतं की डोळे बांधलेत. गावातली म्हातारी माणसं अजून विचारतात, अरे घोडी आंधळी झाली का रे. पहिल्यांदा घालताना आधी हुंगायला द्या, मग मानेवर घासा, वेल्क्रोचा चर्रर्र आवाज कानाजवळ एकदम करू नका, तो आवाज लांबून ऐकवून सवय करा. संध्याकाळी अंधार पडायच्या आत काढायचा, रात्री घरमाशी नसते आणि उगाच नजर कमी कशाला करायची. आणि रोज काढायचाच, काढून आतलं अस्तर बोटाने चाचपायचं. आमच्या माळावर कुसळी गवत आहे, ते कुसळ लोकरी अस्तरात असं घुसतं की वरून दिसत नाही, बोटाला टोचतं तेव्हा कळतं, ते डोळ्याच्या बाजूला सरकलं तर बुबुळावर चरा पडायला वेळ लागत नाही. अस्तराच्या जागी गुळगुळीत पट्टी असलेला मास्क कुणी बनवला तर आमच्याकडच्या माळरानाला तो जास्त बरा पडेल.

नुकरा, म्हंजे गुलाबी कातडीचं पांढरं घोडं असेल तर मास्क नक्की घ्या असं मी म्हणेन. त्यांची डोळ्याभोवतीची आणि नाकाची कातडी गुलाबी, उन्हाने भाजते, जाळीमुळे थोडी सावलीही होते. नाकापर्यंत लांब येणारा मास्क मिळतो, त्यांना तो घ्या.

मास्कने जे होत नाही ते आता. पाय. दिसायला घरमाशीसारखीच पण तोंडाला पुढे सुईसारखी सोंड असलेली एक माशी असते, ती पायावर बसते, नर-मादी दोन्ही रक्त पितात आणि घोडं दिवसभर पाय आपटतं. पाय आपटून नाल सैल होते, खुराची कड फुटते. ती वाढते ओल्या कुजलेल्या पेंढ्यात, लीद आणि मूत मिसळलेल्या जागेत, म्हंजे तबेल्याच्या कोपऱ्यातच. तिसरी गोमाशी, मोठी, पाण्याच्या कडेच्या ओल्या मातीत वाढणारी, तिची फक्त मादी चावते पण कातडी कापूनच रक्त काढते. ह्या दोघींच्या तोंडाला लागलेलं रक्त एका जनावरावरून दुसऱ्यावर गेलं की सर्रा नावाचा रक्तातला रोग पसरू शकतो. घोड्याला ताप येतो-जातो, खाऊनही वाळत चाललंय, पायाला किंवा पोटाखाली सूज आहे असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, रक्त तपासून घ्या.

पायासाठी जाळीचे बूट येतात, घेतले, ठीक आहेत, खाली घसरतात. स्प्रेबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. सिट्रोनेलावाले सुगंधी स्प्रे बाटलीवर काहीही दावा करोत, आमच्या उन्हात घोड्याला घाम आला की गेला, एक-दोन तासांची गोष्ट. कडुनिंबाचं तेल स्वस्त आणि बरं, पण पाण्यात नुसतं मिसळत नाही, थोडा सौम्य साबण घालून हलवावं लागतं, आणि निव्वळ तेल चोपडून उन्हात उभं केलं तर धूळ चिकटून कातडी खराब होते. कुठलाही स्प्रे तोंडावर मारायचा नाही, फडक्यावर घेऊन पुसायचा, आणि आधी मानेवर छोट्या जागेत लावून एक दिवस बघायचं. जखमेसाठी टोपिक्युअर हा जनावरांच्या जखमेवर मारायचा स्प्रे वापरतो, जखमेच्या कडेने मारलं की माशी लांब राहते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आणि हे जरा लक्ष देऊन वाचा. मेडिकलवाला गोचिडाचं औषध देताना म्हशीचं आणि घोड्याचं एकच समजतो. अमिट्राझ असलेलं औषध घोड्याला लावायचं नाही, म्हशीला चालतं पण घोड्याची आतडी मंदावतात, लीद अडकते, पोटशूळ होऊन घोडं जाऊ शकतं. बाटलीवरचं घटकाचं नाव वाचा, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या, डॉक्टरांना फोन करा. परमेथ्रिनवालं औषध घोड्यांसाठी वापरतात पण मांजराला ते विष आहे, तबेल्यात मांजर असेल तर घोड्याच्या अंगावरचं औषध पूर्ण वाळेपर्यंत तिला लांब ठेवा, आणि उरलेलं औषध कालव्यात ओतू नका, मासे मरतात.

अंगावर घालायची जाळीची झूलही मिळते. सकाळ-संध्याकाळ छान, पण मे महिन्यात दुपारी बारानंतर आमच्याकडे मी घालत नाही, आतून घाम निथळतो. झेब्र्याच्या पट्ट्यांची झूल बघून लोक हसतात, पण त्यात तथ्य आहे. ब्रिटनमधल्या घोड्यांवर झालेला अभ्यास 2019 साली प्लॉस वन ह्या नियतकालिकात आला होता, त्यात पट्टेवाली झूल घातलेल्या घोड्यांजवळ गोमाश्या येत होत्या तेवढ्याच, पण उतरायला जमत नव्हतं, साध्या एकरंगी, काळ्या किंवा पांढऱ्या झुलीवर मात्र बसत होत्या. आणि उघड्या डोक्यावर काहीच फरक नव्हता. म्हणून झूल कुठलीही घ्या, डोक्याला मास्क लागतोच.

बाकी खरं काम खराट्याचं आणि पाटीचं. एक घोडं दिवसाला 20 किलोच्या आसपास लीद टाकतं, ती रोज उचलून तबेल्यापासून लांब नेऊन काळ्या प्लॅस्टिकखाली झाकली की आतल्या गरमीने अळ्या मरतात. पाण्याच्या हौदाखालचा चिखल काढला, मुताची जागा कोरडी ठेवली आणि उंचावर एक मोठा पंखा लावला, चिलटांना वाऱ्यात उडता येत नाही त्यामुळे तिन्हीसांजेला पंख्याखाली घोडी शांत उभी राहते. आमच्याकडे लाइटचं वेळापत्रक बदलत राहतं ही त्यातली अडचण, वायर मात्र घोड्याच्या तोंडाला लागणार नाही अशी पाइपमधून न्या.

टिकाऊपणा विचाराल तर जाळी अजून शाबूत आहे, शिवण नाकाजवळ एकदा उसवली, वेल्क्रोत केस अडकून पकड कमी झालीय, ती जुन्या टूथब्रशने साफ केली की पुन्हा धरते. धुवायला साधं पाणी आणि थोडा शाम्पू, ब्लीच नको, सावलीत वाळवा. साइज पोनी (लहान), कॉब (मधली), फुल (मोठी) अशा येतात, आमच्या घोडीला कॉब बरोबर बसली, मारवाडीचं तोंड लांब पण अरुंद असतं त्यामुळे फुल घेतली तर गालाला सैल पडते. मागवताना डोळ्यांच्या मध्ये कपाळाची रुंदी आणि कानामागून गळ्याखालून फिरवलेलं माप असं दोन्ही विकणाऱ्याला पाठवा, आणि कानांचा समोरून काढलेला एक फोटोही. शिंगरू सोबत असेल तर दोन मास्क घेऊन ठेवा, आईच्या तोंडावरचा वेल्क्रो ओढायला ते लगेच शिकतं.