वॉचटॉवर डिलनचं वाजवायचं की हेन्ड्रिक्सचं?

भाच्याच्या बँडला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये बारा मिनिटं मिळाली आहेत. म्हणजे फार तर तीन गाणी. बँडमध्ये भाचा गिटारवर, त्याचा शाळेपासूनचा मित्र बेसवर, ड्रमवर एक, आणि गायला एक मुलगी, जी दहा वर्षं शास्त्रीय शिकली आहे आणि रॉक गातानाही मांडीवर ताल धरते. पाचवा ढोलकीवाला. तो नेमकं काय वाजवणार, असं त्याला कुणी विचारत नाही, कारण सरावाच्या खोलीचं, म्हणजे जॅमरूमचं भाडं बहुतेक वेळा तोच भरतो.

वाजवायचं ते जुनं क्लासिक रॉक, यावर सगळ्यांचं एकमत आहे. वाद आहे तो मूळ गाण्याच्या चालीने जायचं की त्याच्या गाजलेल्या कव्हरच्या, म्हणजे दुसऱ्या कुणी वाजवलेल्या व्हर्जनच्या, यावर. निकाल मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आला, कारण मामाने एकेकाळी बेस वाजवला होता.

श्रेष्ठ कोण, हा वाद मी घातलाच नाही. एकच अभंग वारीत टाळ-मृदंगावर ऐकतो आणि मैफलीत तानपुऱ्यावर, तेव्हा आपण असली तुलना करत नाही. बँडने बघायचं ते एवढंच की आपल्याकडे जे गळे आणि जे हात आहेत, त्यांना कुठलं व्हर्जन झेपेल.

भांडण सुरू झालं ते 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'वरून. बॉब डिलनचं मूळ गाणं डिसेंबर १९६७मध्ये 'जॉन वेस्ली हार्डिंग' या अल्बममध्ये आलं. नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड केलेलं, जेमतेम अडीच मिनिटांचं. साधी गिटार, हार्मोनिका, बेस, ड्रम, बस. तीन कडवी आहेत, ध्रुवपद नाहीच. एक विदूषक आणि एक चोर बोलत असतात, मग बुरुजावरून दूरवर दोन घोडेस्वार येताना दिसतात, वारा घोंघावायला लागतो आणि गाणं संपतं. गोष्ट जिथे सुरू व्हायची तिथेच डिलन थांबतो. आवाज कुठेही चढवत नाही. शेजारच्या गावात काय झालं ते सांगावं तसं सांगतो, आणि म्हणूनच काटा येतो.

गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने ते महिन्याभरात उचललं. जानेवारी १९६८, लंडनचा ऑलिंपिक स्टुडिओ. काम चालू असतानाच बेसवाला नोएल रेडिंग वैतागून निघून गेला, तेव्हा बेसही हेन्ड्रिक्सनेच वाजवला. बारा तारांची गिटार डेव्ह मेसनची. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यावर थरावर थर चढले आणि 'इलेक्ट्रिक लेडीलँड'मध्ये चार मिनिटांचं जे गाणं आलं, ते लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेच्या यादीत विसाव्या आणि ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेलं. कॉर्ड तेच तीन. पण डिलनने ज्या वाऱ्याचा नुसता उल्लेख केला, तो हेन्ड्रिक्सने वाजवून दाखवला. दुसऱ्या कडव्यानंतरचा सोलो नीट ऐका, त्याचे चार तुकडे आहेत: आधी सरळ लीड, मग तारेवरून घसरत जाणारी स्लाइड, मग पायाने दाबायच्या वा-वा पेडलवर बोलल्यासारखी गिटार, आणि शेवटी नुसत्या कॉर्डचे फटकारे. प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा वेगळ्या आवाजात. खुद्द डिलनने पुढे म्हटलंय की हेन्ड्रिक्स गेल्यापासून मी ते त्याच्यासारखंच वाजवतो. गाण्याचा मालकच कव्हरची नक्कल करतो, असं उदाहरण विरळा.

भाच्याला अर्थातच हेन्ड्रिक्स हवा होता. त्या वयात मलाही हवा होता. आमच्या कॉलेजात आम्ही तोच घेतला होता. सोलोचे पहिले दोन तुकडे बरे गेले, तिसऱ्याला वा-वा पेडलची बॅटरी मेली. गिटारवाला वाकून पेडलवर टाच आपटत राहिला, ड्रमवाल्याला वाटलं सोलो संपला, त्याने तिसऱ्या कडव्याची उचल घेतली, आणि मी मधल्या मध्ये एकच सूर धरून उभा. समोरून टाळ्या पडल्या, पण त्या कुठल्या जातीच्या ते कळण्याइतके आम्ही मोठे होतो.

तेव्हा माझा निकाल: डिलनचा सांगाडा घ्या. कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, चौथ्या पट्टीवर लावून ए मायनर, जी, एफ. हे तीन कॉर्ड नवखा गिटारवालाही सांभाळू शकतो. गाणाऱ्या मुलीला खालच्या सुरात, जराही जोर न लावता गाऊ द्या. आणि वाऱ्याच्या ओळीनंतर, जिथे डिलन हार्मोनिका फुंकत निघून जातो, तिथे तिला मोकळं सोडा. मी तिला म्हटलं, धानीचे सूर घे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. तिने डोळे मिटून दोन आवर्तनं आकारात घेतली आणि ढोलकीवाल्याने पहिल्यांदाच मोबाईल खाली ठेवला. हेन्ड्रिक्स घ्यायचाच असेल तर एक अट आहे. सोलो घरी एकट्याने सलग दहा वेळा न चुकता वाजला पाहिजे. भाच्याचा स्कोअर सध्या तीन आहे.

दुसरा वाद 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स'चा, आणि इथे मी उलट बाजूने झुकलो. बीटल्सचं मूळ १९६७च्या 'सार्जंट पेपर'मधलं, पावणेतीन मिनिटांचं. लेनन आणि मॅकार्टनीने ते रिंगो स्टारसाठी बेतलं, त्याच्या गळ्याचा आवाका ओळखून. चाल चारपाच सुरांत फिरते, शेवटचा उंच सूर काय तो रिंगोला घाम फोडणारा. बाकीचे प्रश्न विचारतात, रिंगो निरागसपणे उत्तरं देतो. गाणं गोड आहे, घरगुती आहे, पण स्टेजवर पाच जणांना त्यात करायला फारसं काही नाही.

जो कॉकर शेफील्डचा, गॅसजोडण्या करणारा कामगार. १९६८ साली त्याने हेच गाणं घेऊन ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक मिळवला. गिटारवर जिमी पेज होता, ड्रमवर प्रोकॉल हेरम बँडचा बी. जे. विल्सन. पण खरी करामत तालात आहे. बीटल्सचं गाणं चारात चालतं, कॉकरने ते तिनात आणलं. आपल्या भाषेत सांगायचं तर केरवा सोडून दादरा धरला. एवढ्याने गाण्याचं वय बदललं. जे मित्रांच्या कट्ट्यावरचं होतं ते रात्री दोन वाजता आधार शोधणाऱ्या माणसाचं झालं. सुरुवातीला हलका ऑर्गन, मग गिटार अंगावर येते, मध्येच सगळं थांबतं आणि कॉकर किंचाळतो. प्रश्न विचारणाऱ्या बायकांचे आवाज मागून येतात आणि हा खरोखर उत्तर सापडत नसल्यासारखा गातो. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात त्याने ते गायलं, ती चित्रफीत बघताना हातांकडे लक्ष द्या. हातात वाद्य नाही, पण बोटं हवेत गिटार वाजवत असतात. 'द वंडर इयर्स' मालिकेच्या सुरुवातीला कॉकरचंच हे गाणं वाजायचं.

या बँडसाठी कॉकरच. मागून प्रश्न विचारायला तीन मुलगे आहेतच, बेसुरे असले तरी चालतील. ड्रमवाल्याला सहा मात्रांची सवय नव्हती. ढोलकीवाल्याने त्याला 'धा धिं ना, धा तिं ना' म्हणून दाखवलं आणि दहा मिनिटांत गाडी रुळावर आली. धोका एकच आहे. कॉकरच्या किंकाळीची नक्कल करायला जाऊ नका. शास्त्रीय गळ्याने ओरडायचा प्रयत्न केला की दुसऱ्या दिवशी रियाज बंद.

'सॅटिस्फॅक्शन'चं प्रकरण मला गंमतीचं वाटतं. रोलिंग स्टोन्सने ते मे १९६५मध्ये हॉलिवूडला रेकॉर्ड केलं. कीथ रिचर्ड्सच्या डोक्यात ती प्रसिद्ध धून खरं म्हणजे ट्रम्पेट-सॅक्सोफोनसाठी होती. आवाज खरखरीत करणाऱ्या फझ पेडलवरची गिटार म्हणजे नुसती खूण, नंतर तिथे ब्रास भरायचा. ती खूणच रेकॉर्डवर राहिली आणि जगभर गेली. त्याच वर्षी मेम्फिसमध्ये गायक ओटिस रेडिंगने 'ओटिस ब्लू' या अल्बमसाठी तेच गाणं घेतलं आणि धून ब्राससाठीच ठेवली, म्हणजे कीथच्या मनातलं गाणं परस्पर पूर्ण झालं. पुढे डिव्हो या बँडने त्याला यंत्रमानवाचे झटके दिले, आणि २००० साली गायिका कॅट पॉवरने एका गिटारवर गाताना ध्रुवपदच गाळलं. ज्या ओळीसाठी गाणं ओळखलं जातं तीच नाही, आणि तरी असमाधान तिच्याच व्हर्जनमध्ये जास्त आहे. रात्री एकट्याने ऐकायला कॅट पॉवर घ्या. गॅदरिंगमध्ये स्टोन्सशिवाय पर्याय नाही, कारण त्या धुनेच्या पहिल्या तीन सुरांना मागच्या बाकावरची मुलंही उठतात. ब्रास नसेल तर ओटिसच्या वाटेला जाऊ नये. कीबोर्डवरचा ट्रम्पेट बँडबाजासारखा वाजतो, म्हणजे वाईट बँडबाजासारखा.

ढोलकीवाल्याचा प्रश्न 'ब्लॅक मॅजिक वुमन'ने सुटला. पुष्कळांना ते सँटानाचं गाणं वाटतं. मूळ आहे पीटर ग्रीनचं, फ्लीटवुड मॅकसाठी १९६८मध्ये लिहिलेलं, संथ आणि मोकळं. सँटानाने १९७०च्या 'अब्राक्सस'मध्ये त्याला काँगा आणि टिंबाले या लॅटिन तालवाद्यांची चाल दिली आणि शेवटी हंगेरियन गिटारवादक गाबोर साबोच्या 'जिप्सी क्वीन'ला जोडून टाकलं. अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं. गिटारच्या लांब, गाणाऱ्या सुरांसाठी ग्रीन ऐकावा, त्याच्याइतक्या कमी सुरांत एवढं बोलणारे थोडे. पण काँगाच्या जागी ढोलकी ठेवायची संधी ग्रीनच्या व्हर्जनमध्ये मिळत नाही. सँटाना, निःसंशय. चाटीवर बोटं हलकी ठेव, लावणीचा तोडा घालू नकोस, एवढंच त्याला सांगितलं. तो हो म्हणाला. घालणार आहे.

'द मॅन हू सोल्ड द वर्ल्ड'मध्ये फारसं निवडण्यासारखं नाही. डेव्हिड बोवीचं १९७०चं मूळ आणि निर्वाणा बँडने नोव्हेंबर १९९३मध्ये एमटीव्ही अनप्लग्ड या कार्यक्रमात वाजवलेलं, दोन्ही रचनेने जवळजवळ सारखी. फरक आवाजात आहे. बोवी भुताची गोष्ट सांगतो, निर्वाणाचा गायक कोबेन त्या भुताला ओळखतो. नव्या बँडला सोपं म्हणून निर्वाणा, बस. 'प्राउड मेरी'त क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल बँडचं १९६९चं बसून ऐकायचं आणि आइक-टीना टर्नरचं १९७१चं उभं राहून. संथ सुरुवात करून मग सुसाट सोडायचं ते टीनालाच जमे, आणि आमच्या गाणाऱ्या मुलीने मान हलवून नाही म्हटलं. 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर' कुणाच्याही धर्तीवर वाजवू नका. डिलनच्या, गन्स अँड रोझेसच्या, कुणाच्याच. गॅदरिंगला ते आधीच दोन बँड वाजवणार असतात.

कव्हर म्हणजे उष्टं, असं बेसवाल्याच्या वडिलांचं मत पडलं. त्यांना पाचगणीची आठवण करून दिली. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत पन्नासच्या दशकाच्या शेवटी द हेक्टिक्स नावाचा मुलांचा बँड क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवायचा. पियानोवर फारूख बलसारा बसायचा. पुढे तो क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला.

यादी आता अशी आहे: सुरुवातीला वॉचटॉवर, मधे ब्लॅक मॅजिक वुमन, शेवटी कॉकर. मी घड्याळ लावून पाहिलं, तेरा मिनिटं वीस सेकंद होतात. भाचा म्हणतो कॉकरचा ऑर्गनचा तुकडा कापू. मुलगी म्हणते वॉचटॉवरमधला आकार एका आवर्तनावर आणते. ढोलकीवाला काही बोलत नाही, त्याचा तोडा किती मिनिटांचा आहे हे त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.