बाळाच्या डोक्यावरील काळी जन्मखूण: काढावी की पाहत राहावे?

बाळाच्या डोक्यावर जन्मतः काळा डाग दिसला की आईवडिलांच्या मनात पहिली भीती मेलॅनोमाची, म्हणजे रंगपेशींच्या कर्करोगाची, येते आणि तो लगेच काढावा की काही काळ पाहावा, हा पेच पडतो.

धोका पाहिला, तर तान्ह्या बाळात मेलॅनोमा अत्यंत दुर्मीळ असतो. लहान खुणेत तो आयुष्यभरातही क्वचितच होतो. प्रौढपणी 20 सेंटीमीटरहून मोठ्या होणाऱ्या खुणेत मात्र शक्यता वाढते आणि तीही बालपणातच अधिक असते. शस्त्रक्रियेने ही शक्यता पूर्णपणे संपत नाही, कारण रंगपेशी खोलवर, कधी मेंदूच्या आवरणातही असतात. माझ्या मते निर्णयात हाच मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल लागते, मोठी खूण टप्प्याटप्प्याने काढावी लागते आणि व्रणावर केस उगवत नाहीत. उलट, डोक्यावरील अनेक खुणा वयानुसार फिकट होतात. निरीक्षणाला चिकाटी लागते: ओले केस बोटांनी बाजूला सारून, शेजारी मोजपट्टी धरून दरमहा छायाचित्र घ्यावे आणि केसांखाली गाठ लागते का, हे चाचपून पाहावे.

लहान, सपाट, न बदलणाऱ्या खुणेला निरीक्षण पुरेसे आहे. झपाट्याने वाढणारी गाठ, रक्तस्राव किंवा न भरणारी जखम दिसल्यास विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून बायोप्सीचा निर्णय घ्यावा. मोठ्या किंवा अनेक खुणा असल्यास मेंदूच्या एमआरआयबद्दल पहिल्या काही महिन्यांतच विचारावे.