ठाण्याच्या कार्यालयात आखलेली डार्विनची मोटरहोम सहल

गेल्या मे महिन्याच्या उत्तरार्धात आम्ही ऐरोलीचे पाच जण, म्हणजे माझे पती, मी, दोन मुले आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई, ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत बारा दिवस मोटरहोमने फिरून आलो. या सहलीची आखणी ठाणे स्थानकाच्या पश्चिमेस कार्यालय असलेल्या एका नियोजन सेवेने केली होती. विमान, वाहनभाडे व प्रवेशशुल्क यांचा प्रत्यक्ष खर्च आमचा आणि आखणीचे शुल्क चाळीस हजार रुपये, असा व्यवहार ठरला होता. पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे सेवेचे नाव देत नाही. परीक्षण त्या चाळीस हजारांचे आहे. तेथील काकडू राष्ट्रीय उद्यानाचे सौंदर्य त्यांच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

प्रथम एका शब्दाविषयी. माहितीपत्रकावर ‘कॅराव्हॅन सहल’ असे छापलेले आहे आणि आपल्याकडे झोपण्याची सोय असलेल्या प्रत्येक गाडीला सर्रास कॅराव्हॅनच म्हणतात. परंतु ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर, आणि इंजिनासह एकसंध असते ते मोटरहोम. ओढायचे घर मागे घेताना सुकाणू उलट्या दिशेने वळवावे लागते आणि ते कसब बारा दिवसांच्या सुट्टीत शिकण्यासारखे नाही, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगून त्यांनी आमच्यासाठी सहा जणांच्या झोपण्याची सोय असलेले मोटरहोम निवडले, हे योग्यच झाले. त्याच बैठकीतील एक सूचना मला फार आवडली. गाडीची लांबी सुमारे सात मीटर आहे, तेव्हा तुमच्या सोसायटीच्या वाहनतळात खडूने तेवढा आयत आखा आणि पाचही जण अर्धा तास त्यात बसून पाहा, असे त्यांनी सुचवले. आम्ही ते केले. शेजाऱ्यांचे भरपूर मनोरंजन झाले, पण मोठ्या बॅगा घरी ठेवण्याचा निर्णय त्या आयतातच झाला.

कागदपत्रांच्या बाबतीत या सेवेला पूर्ण गुण द्यावे लागतील. व्हिसाचे अर्ज, बँकेचे तपशील आणि सासूबाईंचा प्रवासविमा यांतील एकही कागद परत आला नाही. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते आणि साडेचार टनांपर्यंतचे वाहन साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. तरीही त्यांनी आम्हा दोघांना परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्यायला लावला. वाहनाची अनामत रक्कम चालकाच्याच नावावरील क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवली जाते आणि कार्डाची मर्यादा तेवढी लागते, हेही त्यांनी महिनाभर आधी सांगितल्यामुळे आयत्या वेळी धावपळ झाली नाही.

शिध्याविषयीचे मार्गदर्शन तर उत्कृष्ट होते. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. सोबतचा प्रत्येक खाद्यपदार्थ प्रवेशाच्या वेळी जाहीर करावा लागतो आणि दडवल्यास दंड होतो. सेवेने आम्हाला शिध्याची इंग्रजी यादी तयार करून दिली, घरची भाजणी मागे ठेवून कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटे घ्यायला सांगितली आणि शंका असेल ते जाहीर करा, असे तीनतीनदा बजावले. त्याचा उपयोग झाला, कारण सासूबाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून ताजा कढीपत्ता आणला होता आणि हे आम्हाला सिंगापूरमध्ये कळले. डार्विनच्या विमानतळावर आम्ही तो स्वतःहून पुढे केला, अधिकाऱ्यांनी शांतपणे काढून घेतला, आणि विषय तेथेच मिटला. सासूबाईंच्या लेखी मात्र तो बारा दिवस मिटला नाही.

आता मार्गाची आखणी. माझ्या मते हाच या सेवेचा गाभा असायला हवा होता आणि नेमकी येथेच ती कमी पडली. वेळापत्रक पाहिल्यावर लक्षात येते की ते करणाऱ्याने नकाशावरील अंतरे मोजली आहेत, पण भाडेकरार वाचलेला नाही. आमच्या करारात दोन अटी ठळक अक्षरांत होत्या. पहिली, वस्तीबाहेर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी गाडी चालवल्यास विम्याचे संरक्षण मिळणार नाही, कारण त्या वेळी कांगारू, वॉलबी (लहान कांगारू) आणि मोकाट म्हशी रस्त्यावर येतात. दुसरी, गाडी कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही. या दोन अटी समोर ठेवल्या असत्या, तर निम्मे वेळापत्रक बदलावे लागले असते.

पहिल्या दिवशीच याचा प्रत्यय आला. रात्रभर प्रवास करून आम्ही दुपारी डार्विनला उतरलो. गॅस, पाण्याच्या टाक्या, विजेची जोडणी आणि शौचालयाची काढून रिकामी करायची टाकी हे सर्व समजून घेऊन वाहन ताब्यात येईपर्यंत चार वाजून गेले होते. वेळापत्रकात त्याच रात्रीचा मुक्काम काकडूतील जबिरू या गावी, म्हणजे सुमारे अडीचशे किलोमीटरवर होता, आणि मेअखेरीस तेथे साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. घोडबंदर रस्त्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला १३० च्या वेगमर्यादेचा महामार्ग पाहून अडीच तासांत अडीचशे किलोमीटर सहज वाटतील. प्रत्यक्षात भरलेले मोटरहोम नव्वदच्या पुढे नेण्याचे धाडस नवख्या चालकाला होत नाही. त्यातून समोरून रोड ट्रेन येते. एका ट्रकमागे अनेक डबे जोडलेली ही मालगाडी ५३.५ मीटरपर्यंत लांब असते आणि ती शेजारून गेली की वाऱ्याच्या झोताने आपली गाडी अंगभर हलते. आम्ही डार्विनच्या वेशीवरच्या कॅराव्हॅन पार्कमध्ये, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामतळावर, थांबलो आणि जबिरूच्या पहिल्या रात्रीचे पैसे बुडाले.

उबिर येथेही तेच झाले. शैलचित्रांसाठी प्रसिद्ध असलेला हा खडक जबिरूपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या थायलसिन (टास्मानियन वाघ) या प्राण्याचे चित्र तेथे पाहायला मिळते, आणि माथ्यावरून हिरव्या पूरमैदानापलीकडे होणारा सूर्यास्त हे तेथील मुख्य आकर्षण. वेळापत्रकात ‘सायंकाळी उबिरचा सूर्यास्त, मुक्काम जबिरू’ असे लिहिले होते. करार पाळायचा तर ते अशक्यच, म्हणून ऊन कलू लागले तसे आम्ही खाली उतरलो आणि वर चढणाऱ्या लोकांच्या रांगेला उलटे ओलांडत गाडीकडे गेलो. उबिरजवळच मर्ल नावाचा मुक्कामाचा तळ आहे. तेथे वीजजोडणी नाही आणि डासांचा त्रास असतो, पण एका रात्रीसाठी तो सुचवला असता तर सूर्यास्त हुकला नसता.

सर्वांत मोठी चूक जिम जिम धबधब्याची. तेथे जाणारा सुमारे साठ किलोमीटरचा मार्ग कच्चा असून त्याचे शेवटचे सुमारे दहा किलोमीटर फोर व्हील ड्राइव्ह वाहनाशिवाय पार होत नाहीत. शिवाय पावसाळ्याचे पाणी ओसरल्यावरच तो उघडतो, आणि ते मेअखेरपर्यंत घडेलच असे नाही. आमच्या वेळापत्रकात मात्र या धबधब्यासाठी अख्खा दिवस आणि ‘पोहण्याचे कपडे सोबत घ्यावेत’ ही सूचना होती. जबिरूच्या तळावरील व्यवस्थापिकेने तो कागद वाचून आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरणार नाही. मुलांचा पोहण्याचा हट्ट अखेर लिचफील्ड राष्ट्रीय उद्यानातल्या फ्लोरेन्स धबधब्याखालील डोहात पुरा झाला. तेथवर डांबरी रस्ता जातो आणि पाण्याजवळच्या फलकावर पोहण्यास परवानगी असल्याचे स्पष्ट लिहिलेले होते. तो फलक वाचल्यावाचून या मुलखात पाण्यात पायही घालू नये, कारण खाऱ्या पाण्यातील सुसर नदीमार्गे समुद्रापासून खूप आतपर्यंत येते आणि १९७१ पासून संरक्षण मिळाल्यामुळे तिची संख्या पुष्कळ वाढली आहे.

हे सर्व असूनही आखणीतील काही निवडी मला मनापासून पटल्या. काकडूतील यलो वॉटर या पाणथळ जागेतील पहाटेची नौकाफेरी त्यांनी आग्रहाने घालायला लावली होती. सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरच्या, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या साडेचार पटींहून मोठ्या या उद्यानात पाहण्याचे एकच ठिकाण निवडायचे झाले तर मी हेच निवडीन. कमळांनी झाकलेल्या पाण्यात एक काळ्या मानेचा करकोचा भक्ष्य शोधत होता. तेथे त्यालाच जबिरू म्हणतात. तो आपल्याकडेही आढळणाऱ्या जातीचाच पक्षी आहे, हे वाटाड्याने सांगितल्यावर ऐरोलीच्या खाडीकाठी दुर्बीण घेऊन फिरणारा आमचा थोरला मुलगा तासभर बोलला नाही, आणि हे आमच्या घरात दुर्मीळ आहे.

नितमिलुक राष्ट्रीय उद्यानात तेरा घळींपैकी पहिल्या दोनच घळींची नौकाफेरी निवडण्यामागे सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार होता, आणि तो अचूक ठरला. तेथील मूळ रहिवासी असलेल्या जावोइन लोकांना १९८९ मध्ये ही भूमी परत मिळाली, हे तेथील माहितीकेंद्रात निगुतीने मांडलेले आहे. पुढे मटारांका येथील ३४ अंशांच्या झऱ्याला ‘वज्रेश्वरीसारखी गरम पाण्याची कुंडे’ असे पत्रकात म्हटले होते, ते मात्र दिशाभूल करणारे आहे. वज्रेश्वरीचे चटके आठवून सासूबाई काठावर बसून राहिल्या. पाणी जेमतेम कोमट आहे हे कळायला त्यांना नातवाने भिजवावे लागले.

मुक्कामांच्या निवडीबद्दल तक्रार नाही. सर्व कॅराव्हॅन पार्कांमध्ये वीजजोडणी असलेली जागा, स्वच्छ न्हाणीघरे आणि सांडपाणी ओतण्याची सोय होती. स्वयंपाकाच्या ओट्यापासून दीड हातावर संडास ही कल्पना सासूबाईंना शेवटपर्यंत मानवली नाही, त्यामुळे गाडीतले शौचालय आम्ही जवळजवळ वापरलेच नाही आणि त्याची टाकी रिकामी करण्याचे काम पतींना दोनदाच करावे लागले. गाडीतील धूरसूचक यंत्र मोहरीच्या फोडणीलाही तेवढ्याच निष्ठेने ठणाणा करते, ही सूचना शिध्याच्या यादीखाली द्यायला हवी.

अडचणीच्या वेळच्या मदतीबाबत सेवेने फेरविचार करावा. डार्विनचे घड्याळ आपल्यापुढे चार तास असते, म्हणजे तेथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा ठाण्यात पहाटेचे चार वाजलेले असतात. प्रवासातील निर्णय सकाळी घ्यायचे असतात आणि ‘चोवीस तास’ म्हणून दिलेला क्रमांक तेथील दुपारी अडीचपूर्वी एकदाही उचलला गेला नाही. त्यांनी दिलेल्या सिमकार्डाला गावाबाहेर पडताच जाळे मिळेनासे झाले. दुर्गम भागात टेल्स्ट्रा या दूरसंचार कंपनीचे जाळेच त्यातल्या त्यात बरे असते, हे आम्हाला कॅथरिन गावातील दुकानात कळले आणि तेथे दुसरे कार्ड विकत घ्यावे लागले.

परत आल्यावर आम्ही चार पानी लेखी तक्रार दिली. कार्यालयाने ती सौजन्याने ऐकून घेतली, जबिरूची बुडालेली रात्र आणि शुल्कापैकी दहा हजार रुपये परत केले, आणि भाडेकराराची प्रत मागून घेतली. व्हिसा, विमा व शिधा यांसाठी मी पुन्हा त्यांच्याकडेच जाईन; रोजचा मार्ग मात्र करार हातात धरून घरीच आखीन. गेल्या आठवड्यात एका परिचितांसाठी नवीन माहितीपत्रक आणायला गेले होते. मुखपृष्ठावर अजूनही जिम जिमच आहे.