प्रोफेसर नसलेल्या अँथ्रॉपॉलॉजीवाल्यांनी परदेशी संघटनेचं सभासद व्हावं का? (बरेच महिने वापरून)

आमच्या बेळगाव-निपाणी-खानापूर पट्ट्यात धारवाडहून अँथ्रॉपॉलॉजीत म्हणजे मानवशास्त्रात एमए करून एनजीओचे बेसलाइन सर्वे (प्रकल्प सुरू व्हायच्या आधीची पाहणी), एफजीडी (गटचर्चा) असली कामं करणारे बरेच जण हायत, आणि प्रत्येकजण एकच विचारतो, कॉलेजात नोकरी नाही तर परदेशी संघटनेत पैसे घालून मिळतंय काय.

मी अमेरिकेतल्या सोसायटी फॉर अप्लाइड अँथ्रॉपॉलॉजीचं सभासदत्व घेतलं. १९४१ पासूनची जुनी संघटना, ह्यूमन ऑर्गनायझेशन हे जर्नल त्यांचंच, पण ते जड, मला त्यांचंच दुसरं, प्रॅक्टिसिंग अँथ्रॉपॉलॉजी, जास्त आवडलं कारण त्यात फिल्डवरची माणसं छोटे लेख लिहितात, जेवताना एखादा वाचून होतो. नापा म्हणजे एएएचा (अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशनचा) प्रॅक्टिसवाल्यांचा, म्हणजे कॉलेजबाहेर काम करणाऱ्यांचा विभाग, त्याच्यासाठी आधी मूळ संघटनेचं सभासद व्हावं लागतं, तेवढा खर्च मला झेपला नाही, सोडलं. वार्षिक परिषद वगैरे विसराच, व्हिसा आणि तिकिटाच्या पैशात इथं अख्खा सर्वे निघतो. वेबिनारचंही तसंच, त्यांची दुपार म्हणजे आपली रात्र, न्यूयॉर्कचा एक म्हणजे उन्हाळ्यात इथले साडेदहा.

खरा उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो फुकट हाय! निपाणीकडं तंबाखूच्या वखारीतल्या बायकांच्या मुलाखती चालल्या होत्या. काम देणाऱ्यांनी कन्सेंट फॉर्म दिलेला कन्नड आणि इंग्रजीत, आणि सही किंवा अंगठा पाहिजेच म्हणून हट्ट. बायका मराठी बोलणाऱ्या, एका मावशीनं कागद उलटा धरून बघितला आणि विचारलं, "अंगठा दिला तर रेशन बंद करत नाहीत न्हवं बाई?" आता सीमाभागात कागदावर भाषा, जात, गाव लिहायला लागलं की लोक आधी विचारतात तुम्हाला कुणी पाठवलंय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. एएएच्या २०१२ च्या नीतितत्त्वांत सरळ लिहिलंय की संमती लेखी किंवा सही केलेलीच पाहिजे असं नाही, ती खरोखर समजून दिलेली हाय का ते महत्त्वाचं. तेवढा परिच्छेद मी मेलमध्ये चिकटवला. माझं बोलणं इतके दिवस कुणी मनावर घेत नव्हतं, पण संघटनेचं नाव बघितल्यावर दोन दिवसांत तोंडी संमती चालेल म्हणून उत्तर आलं. राग पण आला खरं तर, पण काम झालं. आता प्रत्येक कामाच्या कराराला तो परिच्छेद आधीच जोडते, आणि नावं-गावं रिपोर्टात येणार नाहीत हेही करारातच लिहून घेते.

यूएक्स (ॲप-वेबसाइट वापरणाऱ्यांचा अभ्यास) किंवा कॉर्पोरेटकडं जायचं असेल तर कंपन्यांसाठी असला अभ्यास करणाऱ्यांचं २००५ पासून चालणारं एपिक बघा, पुण्या-बेंगळुरात नोकरी शोधणाऱ्यांना ते बरं. आपल्याकडं इंडियन अँथ्रॉपॉलॉजिकल असोसिएशन १९६४ पासून हाय, पण कंत्राटावर कामं करणाऱ्याला मोबदला किती मागायचा, डेटा कुणाच्या मालकीचा, असलं काही विचारायला आपल्या भागात जागाच नाही, आम्ही चहाच्या टपरीवर एकमेकांनाच विचारतो.

सोसायटीचं सभासदत्व मी अजून एक वर्ष ठेवणार, जुने अंक वाचायला. वर्गणी डॉलरमध्ये जाते, तेव्हा बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा आणि पैसे गेले की लगेच बंद करून टाका.