निसान जीटी-आर एलएम निस्मो, 1:43 मॉडेल: पैसे वसूल, पण बोगदे बुजवलेत राव

कस्टम धरून नऊ हजाराच्या आसपास पडलं. बायको म्हणली एवढ्यात कूलर आला असता, आणि आपल्या संभाजीनगरच्या उन्हाळ्यात तिचं काय चुकलं म्हणा. पण ही गाडी उभ्या आयुष्यात एकच रेस धावली, 2015 ची फ्रान्समधली 24 तास चालणारी ले मान्स रेस, त्यामुळं मॉडेल दिसलं की उचलायचं हे आधीच ठरलेलं. पॅकिंग एक नंबर, कुरिअरवाल्यानं खोकं उलटं धरून आणलं तरी आरसा सुद्धा हलला नाही.

आता गाडी काय होती ते सांगतो, त्याशिवाय मॉडेलची मजा नाही. त्या रेसच्या सगळ्यात वरच्या, एलएमपी1 क्लासमधल्या पोर्शे, ऑडी, टोयोटा सगळ्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागं. निसानचा डिझायनर बेन बोल्बीनं सगळंच उलटं केलं, 3 लिटरचं ट्विन टर्बो व्ही6 पुढं आणि ताकद पण पुढच्याच चाकांना, म्हणजे आपल्या घरच्या स्विफ्टसारखी फ्रंट व्हील ड्राइव्ह! लोक हसायलेले, पण डोकं होतं त्यात. वजन पुढं, म्हणून पुढचे टायर 14 इंच रुंद आणि मागचे फक्त 9, आणि मागचा भाग मोकळा झाला की पुढून घेतलेली हवा आतल्या बोगद्यांतून थेट मागं काढायची. सरळ रस्त्यावर गाडी पळायची पण.

टायरचं काम मॉडेलवाल्यानं मस्त केलंय. मी वाळूजला टूलरूममध्ये, सवयीनं मोजायला व्हर्निअर लावलाच. पुढचं 8 मिमीच्या जरा वर, मागचं 5 च्या जरा वर, खऱ्या टायरच्या मापाला 43 नं भागलं की हिशोब बरोबर बसतो. लांबलचक बॉनेट आणि पार मागं ढकललेली केबिन पण हुबेहूब.

राग आला तो बोगद्यांचा. मागून टॉर्च मारली तर आत नुसता काळा रंग, आरपार काहीच नाही. अरे ज्या गोष्टीसाठी एवढा उपद्व्याप केला तीच कामून बुजवली? या किमतीत हे चालत नाही.

खरी गाडी का पडली तर हायब्रिडमुळं. ब्रेक लावताना वाया जाणारी ताकद फिरत्या चाकात साठवायची फ्लायव्हीलवाली सिस्टीम वेळेत जमलीच नाही, रेसला ती मदत न घेताच उतरले, आणि ब्रेक लावताना जो भार ती सिस्टीम उचलणार होती तो सगळा साध्या ब्रेकवर आला. त्याआधी क्रॅश टेस्टचा घोळ, त्यात ले मान्सच्या आधीच्या सिल्व्हरस्टोन आणि स्पा दोन्ही रेस हुकल्या, म्हणजे पहिलीच परीक्षा थेट बोर्डाची. क्वालिफायिंगला, म्हणजे रेसमधली जागा ठरवायच्या फेरीत, पहिल्या आलेल्या पोर्शेपेक्षा वीसेक सेकंद मागं, त्यामुळं खालच्या क्लासच्या एलएमपी2 गाड्यांच्या पण मागं उभं केलं. निसानच्या तीन गाड्यांपैकी 21 आणि 23 नंबर मधेच बंद पडल्या. 22 शेवटपर्यंत आली खरी, पण 242 लॅप, जिंकलेल्या पोर्शेचे 395. पोर्शेच्या 70 टक्के सुद्धा अंतर कापलं नाही म्हणून निकालात नावच नाही. डिसेंबरमध्ये निसाननं प्रोग्रामच गुंडाळला. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत याच गाडीची जाहिरात अमेरिकेत सुपर बोलच्या, म्हणजे तिकडच्या फुटबॉल फायनलच्या वेळी दाखवलेली! माझं मत, डिझाईन चुकीचं नव्हतं, घाई नडली. अजून एक वर्ष टेस्टिंग करू द्यायला पाहिजे होतं.

मी लाल 22 घेतली. 21 ला 1990 च्या आर90सीके गाडीचा लाल-पांढरा-निळा रंग होता, शोकेसमध्ये ती जास्त उठून दिसेल, पण मला रेस पूर्ण केलेलीच पाहिजे होती. स्टिकर सरळ, फक्त डाव्या दाराच्या कडेला रंगाचा एक बारीक फुगा आलाय, उजेडात धरला तरच दिसतो.

5 पैकी साडेतीन. दीड मार्क बोगद्यांचा कापला. घ्यायची असेल तर विकणाऱ्याकडून मागच्या बाजूचा फोटो आधी मागून घ्या, आणि ॲक्रेलिकचं झाकण काढू नका, आपल्याकडची धूळ गाडीच्या मागच्या पंखाखाली (विंग) एकदा बसली की ब्रशनं पण निघत नाही.