वकील म्हणून पाच स्टार, जाहिरात लिहायला तीन

सोलापुरात होटगी रोडला वडिलांसाठी एक एनए (बिगरशेती) प्लॉट बघत होतो, एजंट म्हणाला सगळं क्लिअर आहे बिनधास्त विसार म्हणजे आगाऊ रक्कम द्या, पण आमच्या वहिनींनी या वकील मॅडमचं नाव सुचवलं. मॅडम प्रॉपर्टीचीच कामं करतात आणि सोबत फ्रीलान्स लिखाण पण, म्हणजे पेपरच्या पुरवणीत लेख, दुकानांच्या वेबसाइटचा मजकूर वगैरे. वडिलांना आधी हेच खटकलं, वकिलाला दुसरा धंदा चालतो का म्हणे. त्यांनी तोंडावरच विचारलं तर मॅडम हसल्या, म्हणाल्या काका, बार कौन्सिलच्या नियमात पत्रकारिता, शिकवणं चालतं, फक्त फुल टाइम नोकरी आणि स्वतःची जाहिरात चालत नाही.

आता काम कसं केलं ते सांगतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या मालकीचा तपास, बहुतेक वकील देतात तसा इंग्रजीत कॉपी पेस्ट नव्हता, साध्या मराठीत होता, कोणी कोणाला कधी विकलं, कुठला फेरफार (मालकी बदलाची नोंद) कशाचा, माझ्या आईनं चष्मा लावून पूर्ण वाचला आणि तिला कळला ओ! त्यातच निघालं की मूळ शेतकरी वारल्यावर वारस नोंदीत फक्त भावांची नावं लागलीत, दोन बहिणी गायब, आणि जमीन विकली ती 2005 नंतर. 2005 च्या कायदा बदलानं वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा जन्मापासून हक्क आहे आणि सुप्रीम कोर्टानं 2020 ला सांगितलंय की त्यासाठी वडील 2005 मध्ये हयात असायलाच पाहिजेत असं काही नाही, हे सगळं चार ओळीत लिहिलेलं. खाली सल्ला, की बहिणींचं हक्कसोड पत्र किंवा खरेदीखतात मान्यता देणार, म्हणजे विक्री मान्य आहे म्हणणारी, म्हणून सही, ते होईपर्यंत विसार देऊ नका. एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. सह्या झाल्या, मगच आम्ही व्यवहार केला, त्यात दिवस गेले पण चालतंय.

फी फोनवर सांगितली तेवढीच घेतली, वर एक रुपया नाही. रजिस्ट्रार ऑफिसला मात्र स्वतः येत नाहीत, ज्युनिअर पाठवतात, पोरगं हुशार आहे. आणि लेखाची डेडलाइन असली की संध्याकाळी फोन उचलत नाहीत, हे डोक्यात जातं.

खुश होऊन भावानं त्याच्या चादर-टॉवेलच्या दुकानाच्या वेबसाइटचं लिखाण पण त्यांनाच दिलं. तिथं जरा गंडलं. एकही चूक नाही पण वाक्यावाक्याला जपून, रंग टिकतो असं सरळ लिहायचं सोडून योग्य प्रकारे धुतल्यास टिकू शकतो, अजून थोडं लिहिलं असतं तर खरेदीखतात प्लॉटच्या चारी बाजूंच्या हद्दी लिहितात तशी चादरीची चतुःसीमा पण आली असती. भाऊ म्हणाला मॅडम गिऱ्हाईक पळून जाईल. दोनदा बदलून दिलं, शेवटचं बरं झालं, पण विक्रीचं लिखाण हा त्यांचा पिंड नाही. बिल्डरांची ब्रोशरं लिहिता का म्हणून मी मुद्दाम विचारलं, तर ज्यांचे कागद तपासायची वेळ येऊ शकते त्यांचं लिखाण घेतच नाही म्हणाल्या. हे मला आवडलं.

जाणार असाल तर सातबारा, सगळे जुने फेरफार, एनए ऑर्डर, मंजूर लेआउट आणि आधीची खरेदीखतं घेऊन जा, झेरॉक्स दोन सेट काढा, नाहीतर परत जिना उतरायला लावतात.